रस्ट, आठ महिन्यांनंतर: एका जावावाल्याचा अनुभव

चौदा वर्षं जावा लिहिल्यावर वाटलं होतं, रस्टसारखी नवी प्रोग्रामिंग भाषा म्हणजे पंधरा दिवसांचं काम. पहिल्याच शनिवारी, कोथरूडच्या घरी, ती हवा निघाली.

काम किरकोळ होतं: लॉगच्या, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींच्या, फायली वाचून कुठल्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामकडून येणाऱ्या विनंतीला) किती वेळ लागला ते मोजायचं. एक स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) फंक्शनला दिली, पुढच्या ओळीत तीच छापायला गेलो तर कोड तपासणारा कंपायलर म्हणतो, ती मूव्ह झाली, म्हणजे तिची मालकी फंक्शनकडे गेली. एरर ई०३८२. जावात दिलेला ऑब्जेक्ट आपल्याकडेही राहतो, कारण जातो तो रेफरन्स, म्हणजे नुसता पत्ता. मागची झाडलोट, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणं, गार्बेज कलेक्टर करतो. इथे झाडूवालाच नाही. प्रत्येक व्हॅल्यूला एकच मालक, तो स्कोपबाहेर (आपल्या कोडच्या ब्लॉकबाहेर) गेला की मेमरी मोकळी. उसनं द्यायचं तर वाचायला कितीही जणांना द्या. बदलायला मात्र एका वेळी एकालाच, आणि तेव्हा वाचणारेही नकोत.

हे चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बसून डोक्यात शिरलं, बोटांत नाही. दोन महिने चुकीची लाल रेघ आली की मी क्लोन मारत होतो, म्हणजे डेटाची अख्खी प्रत काढत होतो. टीममधली दोन वर्षं अनुभवाची मुलगी कोड बघून म्हणाली, "सर, प्रत्येक ओळीची झेरॉक्स का काढताय?" मग तिने एरर खालपर्यंत वाचून दाखवली. शेवटी 'हेल्प' म्हणून काय बदलायचं ते चक्क लिहिलेलं! जावाच्या स्टॅक ट्रेसची (प्रोग्राम कुठे अडला त्या यादीची) वरची ओळ बघून उडी मारायची माझी जुनी खोड.

रस्टचं बिल्ड आणि लायब्ररी सांभाळणारं टूल, कार्गो, त्याबद्दल तक्रार नाही. जावातल्या तशाच मेव्हनच्या लांबलचक एक्सएमएल फायलींनंतर तर माहेरी आल्यासारखं वाटतं. नल, म्हणजे 'इथे काहीच नाही' ही व्हॅल्यू, नाही; त्याऐवजी 'असेल किंवा नसेल' हे उघड सांगणारं ऑप्शन आहे, आणि शक्यता एकेक करून तपासणाऱ्या मॅचमध्ये एखादी राहिली तर कोड कंपाइलच होत नाही. रात्री अडीचला नल पॉइंटरसाठी फोन घेतलेल्या माणसालाच याची किंमत कळेल. १.० आवृत्ती मे २०१५ची, म्हणजे भाषा काही कालची पोर नाही.

पण पहिल्यापासून बिल्ड लावलं की चहा पिऊन होतो. असिंकमध्ये (वाट बघत न थांबता चालणाऱ्या कोडमध्ये) लाइफटाइमची, म्हणजे उसनं दिलेलं किती काळ टिकतं त्याची, एरर आली की अजूनही घाम फुटतो. आणि डबली लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटक मागच्या-पुढच्याला जोडलेली यादी), जी जावात इंटरव्ह्यूला दहा मिनिटांत लिहायचो, तिच्यापायी अख्खा रविवार गेला. शेवटी व्हेक्टर (साधी यादी) आणि इंडेक्स (जागेचा क्रमांक) वापरून सुटलो.

त्या लॉगच्या टूलमध्ये क्लोन आता चारच उरलेत. त्यातला एक का आहे ते मलाही नीट सांगता येणार नाही. काढला की उसनवारीचे नियम तपासणारा बॉरो चेकर ओरडतो, म्हणून ठेवलाय.