मोठ्या बोअरचं पिस्तूल की घरची बाराबोअर?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजू-सुपारीची बागायत करणारा माझा मेहुणा यंदा हट्टाला पेटला: घरची बाराबोअर बंदूक जुनी झाली, आता मोठ्या बोअरचं पिस्तूलच घेणार. बोअर म्हणजे नळीची आतली रुंदी.

आधी पिस्तूल. ९ मिमी, .३८, .४५५ (टिंबवाले आकडे इंचातले) ही बोअर आपल्याकडे प्रतिबंधित. जिल्हाधिकारी त्यांचा परवाना देत नाहीत, थेट केंद्रीय गृह खातं गाठावं लागतं. तुमच्या-आमच्या हाती उरतं ते मुख्यतः .३२. म्हणजे हौस दांडगी आणि गोळी जेमतेम आठ मिलिमीटरची! त्यात नळी आखूड. अंधारात वीस पावलांवर नेम लागला तर देव पावला.

बाराबोअरची गंमत वेगळी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक बसेल एवढी नळी, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. खरी मोठी बोअर मेहुण्याच्या माळ्यावरच पडून आहे की! रानडुक्कर मनाला येईल तसं मारता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. बागायतीत हवा असतो तो आवाज, आणि एका बारात माकडांची टोळी पांगते. खांद्याला दणका बसतो, एवढंच.

परवान्याची कटकट दोन्हीकडे. निवडणूक आली की दोन्ही ठाण्यात जमा करायला सांगतात.

परवा रिकामी बंदूक उघडून नळी उजेडाकडे धरली. आत तांबूस गंज. मेहुणा सध्या पडवीत तेल, चिंधी आणि सळई घेऊन बसलाय.