सीताबर्डीतील इंग्रजी वर्ग आणि ‘अनवाइंड’चा पाठ

नागपूरच्या सीताबर्डीतील एका इंग्रजी संभाषण वर्गात ‘अनवाइंड’ हे क्रियापद फार नेटकेपणाने शिकवले जाते. शिक्षिकांनी लोकरीच्या गुंड्याचा धागा सैल सोडत ‘गुंडाळलेले उलगडणे’ हा मूळ अर्थ दाखवला आणि त्यावरूनच दिवसभराचा ताण उतरवणे, म्हणजे कार्यालय सुटल्यावर फुटाळा तलावाकाठी निवांत बसणे, हा अर्थ कसा निघतो ते समजावले. या दुसऱ्या अर्थी क्रियापदाला सहसा कर्म लागत नाही. भूतकाळी रूप ‘अनवाउंड’ असून त्याचा उच्चार जखमेच्या ‘वूंड’सारखा करू नये, ही सूचना तर फारच मोलाची. शेअर बाजारातील सौदे मोकळे करण्याचा, म्हणजे आधी घेतलेला सौदा उलट व्यवहार करून बंद करण्याचा, अर्थ मात्र घाईत उरकला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी त्याला अधिक वेळ द्यायला हवा होता.