हेवी डिपॉझिटवर घर घेतलं, आणि पाचव्या महिन्यात खरा मालक दारात उभा राहिला

रविवारची सकाळ, दहा-साडेदहाची वेळ. मी मेथी निवडत बसले होते. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर सत्तरीचे एक गृहस्थ उभे. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात चावी. ती आमच्याच कुलपाची होती. "तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. मीही तेच विचारलं. ते म्हणाले, "अहो, हे माझं घर आहे."

डोंबिवली पूर्वेच्या त्या वन बीएचकेत आम्ही पाच महिने राहत होतो. त्यासाठी एजंटला सहा लाख रुपये हेवी डिपॉझिट दिलं होतं. मुंबई-ठाण्याकडे ही पद्धत बरीच चालते. एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दर महिन्याचं भाडं द्यायचं नाही, अकरा महिन्यांनी घर सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. सासऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत होते. त्या इमारतीत भाडं चौदा हजार. ते वाचेल आणि मुद्दलही जागेवर राहील, एवढाच विचार आम्ही केला.

समोरच्या माणसाला यात काय मिळतंय, हा हिशेब मात्र केला नाही. सहा लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं 42,000 रुपये. त्या घराचं वर्षाचं भाडं 1,68,000. मग सव्वा लाखाचं नुकसान कोण सोसतोय आणि कशासाठी? धंद्यासाठी किंवा कर्ज फेडायला एकदम पैसे हवे असले की काही मालक असं करतातही. पण असा मालक निदान भेटतो, बोलतो. आमचा मालक आम्ही पाहिलाच नव्हता. "ते नाशिकला असतात, सगळं मीच बघतो," असं एजंट म्हणाला आणि त्याने कुलमुखत्यारपत्राची, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणाऱ्या कागदाची, झेरॉक्स दाखवली, सोबत लाइट बिल. दोन्हींवर एकच नाव होतं, तेवढ्यावर आम्ही विश्वास ठेवला. झेरॉक्सवरचा शिक्का अर्धाच उमटला होता. तो माझ्या नजरेत आला होता, तरी मी मूळ कागद मागितला नाही.

काकांना आत बोलावलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून त्यांचा करार काढला, मी कपाटातून आमचा. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. काकांचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवलेला होता, आणि त्यात भाडेकरू म्हणून नाव होतं आमच्या एजंटचं! भाडं साडेतेरा हजार. "कंपनीच्या माणसांना राहायला हवंय" असं त्याने काकांना सांगितलं होतं. चार महिने भाडं वेळेवर गेलं, मग थांबलं, फोन लागेना, म्हणून काका पहाटेच्या गाडीने आले होते. आमचा कागद पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा, नोटरीचा शिक्का मारलेला, आणि सही एजंटची, "मालकातर्फे" म्हणून.

नंतर सगळं उलगडलं. हा माणूस मालकांकडून घरं भाड्याने घ्यायचा, तीच घरं आमच्यासारख्यांना हेवी डिपॉझिटवर द्यायचा आणि त्या पैशातून मालकांची भाडी भरायचा. जुनं कुटुंब बाहेर पडलं की नव्याच्या डिपॉझिटमधून त्याचे पैसे परत. नवी माणसं येणं आटलं तसा तो दुकान बंद करून पळाला.

करार नोंदवायचा आग्रह मी धरला होता, हे मला अजून टोचतं. तो म्हणाला, "ताई, सहा लाख दाखवले तर स्टॅम्प ड्युटी केवढी होईल!" मी गप्प बसले. ती किती होते ते नंतर कळलं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात आणि त्यावर पाव टक्का. म्हणजे सहा लाखांवर साधारण दीडशे रुपये. शहरात नोंदणी फी हजार रुपये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे कृपा करून लक्षात ठेवा.

पोलीस चौकीत पहिल्यांदा "हा दिवाणी वाद आहे" असं ऐकून परत आलो. मग एजंटच्या बंद शटरसमोर संध्याकाळी उभं राहायला लागलो, आणि आमच्यासारखेच लोक भेटत गेले. अकरा कुटुंबं आणि चार मालक जमले. सगळ्यांनी मिळून, बँकेची स्टेटमेंट आणि मेसेजच्या प्रिंट लावून अर्ज दिला, तेव्हा गुन्हा नोंदला गेला. एकट्याने फेऱ्या मारण्यात आमचे दोन महिने गेले होते.

काका चांगले माणूस. आम्हाला लगेच बाहेर काढलं नाही, दीड महिना दिला. त्यांचंही तीन महिन्यांचं भाडं, मेंटेनन्स आणि लाइट बिल बुडालं होतं. सोसायटीत आमची नावं कुणालाच माहीत नव्हती, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती गेलेली नव्हती. दोन्ही "मी करतो" म्हणून एजंटनेच अंगावर घेतलं होतं. काकांनी एकदा जरी सेक्रेटरींना फोन केला असता, तर आम्ही पहिल्याच महिन्यात भेटलो असतो. मालकांनो, प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाशीच करार करा, राहणाऱ्या सगळ्यांची नावं त्यात घाला, आणि पोलिसांकडे माहिती स्वतः द्या.

आता आम्ही साध्या भाड्याच्या घरात आहोत. टोकन देण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मालकीणबाईंचं नाव विचारलं, मालमत्ता कराची पावती पाहिली. करार ऑनलाइन नोंदवताना मशीनवर त्यांचा अंगठा आणि फोटो माझ्यासमोर घेतला. 45,000 डिपॉझिट थेट त्यांच्या खात्यात गेलं. चावी परत देताना त्याच दिवशी ते परत मिळेल, हे वाक्य करारात घालून घेतलं. भिंतींचे, नळांचे, मीटरच्या रीडिंगचे फोटो दोघींच्या फोनमध्ये आहेत. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "बरं केलंत, माझीही काळजी मिटली."

खटला चालू आहे, पैसे आलेले नाहीत. चार लाख आरटीजीएसने एजंटच्या खात्यात गेले, त्यांची नोंद आहे. उरलेले दोन लाख त्याने रोख मागितले आणि आम्ही दिले. खरं तर एवढी रोख घेणं आयकर कायद्यातही बसत नाही, पण त्या दिवशी घर हातचं जाईल ही एकच भीती होती. त्याची पावती म्हणून त्याने डायरीचं एक पान फाडून दिलं. तपास अधिकाऱ्यांनी ते फाइलला लावून घेतलंय. त्यावर रक्कम आहे, तारीख आहे, सही नाही.