इको सोडून प्रिंटएफ: तीन शेलवरचा आठ महिन्यांचा अनुभव

लिनक्स सर्व्हरवर डॅश आणि बॅश, मॅकवर झेडशेल: हे तीन शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारे प्रोग्राम. तिन्हीकडे फिरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मजकूर छापायला ‘इको’ या आज्ञेच्या जागी ‘प्रिंटएफ’ वापरून आठ महिने झाले. जो मजकूर आपण स्वतः लिहिलेला नाही, तो इकोच्या हाती देऊ नये, हे आता पक्कं मत आहे.

खात्री करायला विंडोजचा एक पाथ पुरतो: सी ड्राइव्ह, बॅकस्लॅश आणि ‘न्यू’ नावाचं फोल्डर. बॅशचा इको तो जसाच्या तसा छापतो. डॅश आणि झेडशेल बॅकस्लॅश-एन, म्हणजे नव्या ओळीची खूण, दिसताच ओळ तोडतात; खालच्या ओळीवर नुसतं ‘ईडब्ल्यू’ उरतं. फोल्डरचं नाव ‘कोड’ असेल तर आणखी पंचाईत. बॅकस्लॅश-सी म्हणजे ‘इथेच थांब’, त्यामुळे पुढचं सगळं गायब, शेवटची नवी ओळसुद्धा, आणि एररचा पत्ता नाही. सिंगल कोट इथे वाचवत नाही, कारण अर्थ शेल लावत नाही, इको लावतो. जेसन या डेटा-फॉरमॅटमधल्या बॅकस्लॅश-एनचंही हेच होतं: स्ट्रिंगच्या मधोमध खरी नवी ओळ घुसते आणि तो वाचणारा पुढचा प्रोग्राम अडतो.

उलट बाजूने, बॅशच्या सवयीने लिहिलेला ‘इको -ई’ (बॅकस्लॅशचा अर्थ लाव, असं सांगणारा) डॅशमध्ये चालवला तर ‘-ई’ हीच अक्षरं छापून येतात. उबुंटूत 6.10 पासून, म्हणजे 2006 पासून, साधं ‘एसएच’ म्हणजे डॅशच. डेबियन लिनक्सवर उभ्या असलेल्या डॉकर इमेजमध्ये, ती बनवताना चालणारी ‘रन’ची ओळही त्याच्याकडेच जाते. टर्मिनलवर बरोबर आणि बिल्डमध्ये चूक, याचं हे नेहमीचं कारण.

प्रिंटएफ वापरताना एकच पथ्य: पहिला आर्ग्युमेंट, म्हणजे छपाईचा साचा, कायम स्वतःचा, सिंगल कोटमध्ये पर्सेंट-एस (इथे मजकूर भर) आणि बॅकस्लॅश-एन; व्हेरिएबल त्यानंतर, डबल कोटमध्ये. व्हेरिएबलच पहिल्या जागी ठेवलं आणि त्यात ‘100% डन’ असं इंग्रजीत असलं, तर पर्सेंट, मोकळी जागा आणि डी मिळून पूर्णांकाचा साचा बनतो. छापून येतं ‘100 0’ आणि त्याला चिकटून ‘वन’ची तीन अक्षरं. मजकुरातल्या बॅकस्लॅशचा अर्थ लावून हवा असेल तेव्हाच पर्सेंट-एसऐवजी पर्सेंट-बी.

टर्मिनलवरच्या रंगांच्या कोडची सुरुवात बॅकस्लॅश-ईने करणं टाळा, ते पोझिक्स या शेलच्या सामाईक मानकात नाही. साच्यात बॅकस्लॅश 033 लिहा. पर्सेंट-बीला दिलेल्या मजकुरात मात्र आकड्यांआधी शून्य लागतंच; साच्यात त्याची सक्ती नाही. हा फरक लक्षात राहत नाही, म्हणून रंगांचे कोड साच्यातच ठेवलेले बरे.

आपल्याला खरी अडचण येते ती देवनागरीत. बॅश आणि डॅश रुंदी बाइटमध्ये मोजतात. ‘पुणे’ म्हणजे यूटीएफ-8 या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये चार कोडपॉइंट (दोन अक्षरं, दोन मात्रा), 12 बाइट. दहाच्या रकान्यात तो शब्द आधीच मोठा ठरतो, एकही मोकळी जागा मिळत नाही, आणि तक्ता विस्कटतो. चारवर छाटायला सांगितलं तर अख्खा ‘प’ आणि उकाराचा एक तुटका बाइट हाती येतो. झेडशेल अक्षरं मोजतो, पण मात्रेलाही एक जागा धरतो. म्हणजे तिथेही रकाना जुळत नाहीच. सोपा उपाय एकच: आकडे आणि इंग्रजी रकाने आधी, मराठी नाव सगळ्यात शेवटी. शेवटच्या रकान्याला रुंदी लागतच नाही.