हजार रुपये भरले नाहीत, ३ लाख २४ हजार ५०० भरले

माझं कृषी सेवा केंद्र आहे. गोदाकाठचं तालुक्याचं गाव, खत-बियाण्याचं दुकान, एकोणीस वर्षं झाली. बोगस बियाण्याची पिशवी मी नुसत्या शिलाईवरून ओळखतो. उधारी बुडवणारा गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत कळतो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. खालचं वाचून "असे कसे फसले हो?" म्हणणारे खूप भेटलेत, त्यांना आधीच सांगून ठेवतो की मी काही भोळा माणूस नाही. तरी पोरीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनमध्ये फसलो. आकडा वर दिलाच आहे.

पोरगी दोन वर्षं लातूरला होती. २०२५ च्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, ८६.४१ पर्सेंटाइल. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच पाहिजे होतं. मी म्हणायचो, सिव्हिल घे, सरकारी जागा निघतात. ती ऐकायची नाही. निकालानंतर तिनं दोनशे पानी वहीत ७४ कॉलेजांची यादी केली, कोडसकट, मागच्या वर्षी कितीवर बंद झालं त्या आकड्यासकट. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स, तिन्ही रकाने वेगळ्या शाईत. ती वही अजून घरात आहे, पण मला उघडवत नाही.

निकालानंतर आठ दिवसांत फोन आला. "काका, काय करायलेत? मी ॲडमिशन डेस्कवरून बोलायलोय, आपल्या अंबाजोगाईकडचाच आहे." पोरीचं पूर्ण नाव, पर्सेंटाइल, प्रवर्ग, सगळं त्याला ठाऊक. मला वाटलं, एवढी माहिती असलेला माणूस आतलाच असणार. ही माहिती बाजारात विकत मिळते हे मला पुढं कळलं. तुम्हाला आत्ताच कळू द्या. तुमच्या लेकराचे मार्क कुणाला माहीत असले म्हणून तो कॉलेजचा होत नाही.

आता मी का विश्वास ठेवला ते सांगतो, कारण तो सगळंच खोटं बोलत नव्हता. म्हणाला, काका, आपल्याला पुणे म्हणजे परकं विद्यापीठ, होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या भागातल्या पोरांसाठीच्या जागांवर आपला हक्क नाही, ह्या मार्कावर कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून, पुण्यात कॉम्प्युटर लागणं मुश्कील. खरं होतं. म्हणाला, एआयसीटीईनं, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, २०२४ पासून जागांची कमाल मर्यादा काढलीय, कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्यात. तेही खरं होतं, पेपरात वाचलेलं. म्हणाला, २० टक्क्यांपर्यंत जागा कॉलेज स्वतःच्या पातळीवर भरतं. तेही खरं. ह्या तीन खऱ्यांच्या पाठीवर एक खोटं बसवलं: "त्यातली एक मी तुमच्यासाठी धरून ठेवतो." त्या २० टक्क्यांतल्या जागांसाठी सुद्धा कॉलेजला जाहिरात द्यावी लागते, अर्ज घ्यावे लागतात, गुणवत्ता यादी लावावी लागते. कुणी "धरून ठेवतो" म्हणाला की फोन ठेवा.

पहिले ११,००० "फाईल उघडायला". क्यूआर कोड पाठवला. दुकानात बसूनच स्कॅन केला. आणि इथं माझ्याच तोंडात मारावी वाटते. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा मी गिऱ्हाइकाला म्हणतो, "पाटील, नाव बघा आधी, माझंच आलंय का?" शेजारच्या रसवंतीला पैसे गेल्याचे दोनदा भोगलेत म्हणून ही सवय. त्या दिवशी माझ्या मोबाईलवर नाव आलं ते कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. कॉलेजचं नाही, संस्थेचं नाही, ट्रस्टचं नाही. मोबाईल शॉपी. मी वाचलं. वाचलं नसतं तर एक वेळ समजलो असतो. वाचलं, त्याला फोन केला, तो म्हणाला, "काका, इन्कमटॅक्सचं लफडं असतं, म्हणून वेगळं खातं." आणि मला ते पटलं! खतविक्रीत मीही कच्च्या पावत्या बघितलेल्या, म्हणून मला त्यात हुशारीच दिसली. माझा अनुभवच माझ्यावर उलटला.

मग दीड लाख रोख, लातूरला एका हॉटेलात. पोरीच्या आईची बोरमाळ आणि पाटल्या गहाण टाकून आणलेले. आलेला पोरगा पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा आणि ओळखपत्र. पैसे मोजले नाहीत, बॅगेत टाकले. मी म्हणलं, "मोजून घ्या." तो म्हणाला, "तुमच्यावर विश्वास आहे काका." मी अक्षरशः खूश झालो. पावती मागितली तर म्हणाला, डोनेशनची पावती कुठं असते का?

ऑगस्टात कॅपच्या तिसऱ्या फेरीत पोरीला नांदेडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लागलं. नीट वाचा, कॉम्प्युटरच लागलं. वहीत चौथ्या नंबरला होतं. जागा घ्यायला भरायचे होते १,००० रुपये. आणि आमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, आम्ही ओबीसी, म्हणजे ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे मुलीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. कॅपमधून गेली तरच बरं का, मॅनेजमेंटमधून, म्हणजे त्या २० टक्क्यांतून, गेली की ती सवलत नाही. हे त्यानं कधीच सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानं काय सांगितलं? "नांदेडची सीट ॲक्सेप्ट करू नका. दोन ठिकाणी नाव दिसलं की पुण्याची फाईल रद्द होते." पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी म्हणलं, पुणं ते पुणं, कंपन्या तिथं आहेत, उद्या मलाच नावं ठेवशील. मुदत निघून गेली. चौथ्या फेरीचा तर प्रश्नच राहिला नाही.

मुदत संपल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन: १,२५,००० एनईएफटी. बँकेत स्लिप भरताना पुन्हा कुणातरी व्यक्तीचं बचत खातं. काउंटरवरच्या मॅडमनी शिक्का मारला. पाठवा म्हणलं, पाठवले.

मग व्हॉट्सॲपवर पत्र आलं. "प्रोव्हिजनल ॲडमिशन लेटर", लोगो, शिक्का, निळ्या शाईतली सही. पोरगी माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "पप्पा, हा कोड बघा. पुढचं शून्य सोडलं तर पुणे विभागातल्या कॉलेजांचे कोड सहानं सुरू होतात. हा दोननं सुरू होतोय. दोन म्हणजे आपला संभाजीनगर विभाग. आणि इंजिनिअरिंगच्या स्पेलिंगात एक ई कमी आहे." तिनं वही आणून दाखवली. बोट ठेवून दाखवलं. मी काय म्हणालो? "तुला लई कळतं. टायपिंगची चूक असती." तिनं वही मिटली आणि आत गेली.

इथं थांबायचं होतं. तेव्हा २,८६,००० गेले होते, पण एनईएफटीला एकच दिवस झाला होता, लगेच तक्रार केली असती तर त्या खात्यातले तरी गोठवता आले असते. मी काय केलं? त्याच संध्याकाळी, २९ ऑगस्टला, हॉस्टेल आणि "डेव्हलपमेंट"चे ३८,५०० यूपीआयनं पाठवले. पोरगी बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पण कळलं असं मान्य केलं असतं तर पाटल्या गेल्या हेही मान्य करावं लागलं असतं. म्हणून अजून भरले.

१० सप्टेंबरला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं बापलेक पुण्यात. गादी, बादली, दोन बॅगा. गेटवरच्या वॉचमननं पत्र हातात घेतलं, पूर्ण उघडलं सुद्धा नाही. म्हणाला, "मामा, तुम्ही ह्या महिन्यातले सातवे." कॉलेजनं आत बसवलं, पाणी दिलं, आणि हे पत्र आमचं नाही एवढं तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हणलं तर, "आमचं नाव पोलिसांच्या भानगडीत नको." सात माणसं तुमच्या नावाचं खोटं पत्र घेऊन येतात आणि तुम्ही वेबसाइटवर एक ओळ टाकत नाही?

तिथल्या पोलीस चौकीत म्हणाले, पैसे गावाकडून गेले, गावाकडं तक्रार द्या. गावाकडं म्हणाले, कॉलेज पुण्याचं, पुण्यात द्या. रोख दिलेले लातूरला, मग त्याचं तिसरंच. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता गुन्हा, घ्यावाच लागतो, नवीन कायद्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, हे मला एका वकिलानं सांगितलं. मी ते कलम कागदावर लिहून नेलं. साहेब म्हणाले, "वकील व्हायलाव का?" हसले सगळे. मग त्यांनी मला १९८७ चा कॅपिटेशन फीचा कायदा ऐकवला. डोनेशन बेकायदा असतं, तुम्ही दिलंच कसं, तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो. कायदा तर पैसे मागणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर आहे ना? पण त्या खुर्चीसमोर उभं राहून हे बोलायची माझी टाप नव्हती. मान खाली घालून घरी आलो. चार दिवस दुकान उघडलं नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, फोन केला तो पुण्याहून परत आल्यावर, शेवटचे पैसे पाठवल्याला तेरा दिवस झाल्यावर. तक्रार घेतली, नंबर दिला, पण खात्यात शिल्लक ४१२ रुपये. पहिल्या काही तासांत केला असता तर गोष्ट वेगळी असती. लाज बाजूला ठेवून आधी १९३० लावा, बायकोला मागून सांगा. बँकेत गेलो तर व्यवहार तुम्हीच केलाय, पिन तुमचाच, आमची जबाबदारी नाही. प्रवेशाच्या हेल्पलाईनवर म्हणाले, कॅपच्या बाहेरचा व्यवहार, आमचा संबंध नाही. संबंध कुणाचाच नाही. माझाच तेवढा आहे.

शेवटी ओळखीतून गुन्हा नोंद झाला, भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४), फसवणुकीचं. ओळख नसती तर? अर्जात रोख दीड लाख "हातउसने" लिहा असंही एकानं सुचवलं. मी नाही लिहिलं. एवढं तरी.

माझा पुतण्या संभाजीनगरला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आला होता. मी विचारलं, खरंच पुण्यात काही वेगळं शिकवतात का रे? म्हणाला, "काका, पहिल्या वर्षी सगळीकडं गणित, फिजिक्स, ग्राफिक्स. अन् सीचा प्रोग्रॅम नांदेडला लिहिला तरी सेमीकोलन विसरला की तीच एरर येती." मी हसलो. पोरगी नाही हसली.

कॉलेजची खरी फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजवार असते. त्याच्या वर कुणी मागितलं की समजा. पैसे भरायचे ते कॉलेजच्याच नावाच्या खात्यात, पावती घेऊन. आणि कॅपमध्ये लागलेली जागा कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. ती हातात ठेवून मग काय ते बघा. मॅनेजमेंट कोटा म्हणजे नेहमीच फसवणूक असते असं मी म्हणत नाही, ओळखीतल्या दोघांची पोरं तशीच लागलीत. पण त्यांनी कॉलेजच्या खिडकीवर जाऊन भरले, हॉटेलात नाही.

पोरगी आता घरीच सीईटीचा अभ्यास करते. नवीन वही आणलीय. कोड पुन्हा लिहायला लागलीय, पण मला दाखवत नाही.

काल ठाण्यातून फोन होता. तपास अधिकारी बदलले, नवीन साहेबांना फाईल सापडत नाही, आधार आणि पासबुकची झेरॉक्स परत आणून द्या. ही पाचवी वेळ. उद्या दुकान उशिरा उघडीन.