दोन संगणक, एक टेबल: केव्हीएम घ्यावा की साधा यूएसबी स्विच?

माझं टेबल चार फुटांचं. त्यावर ऑफिसचा लॅपटॉप, पायाशी स्वतःचा जोडून घेतलेला डेस्कटॉप आणि मधोमध २७ इंची मॉनिटर. २०२० च्या मार्चमध्ये ऑफिस घरी आलं ते पुरतं परत गेलंच नाही. अजूनही आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम चालतं. दिवसा लॅपटॉप आणि रात्री डेस्कटॉप असं सरळ वाटप असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. पण बिल्ड (लिहिलेल्या कोडचा प्रोग्रॅम बनवणं) चालू असताना पाच मिनिटं घरच्या मशीनवर, मग परत ऑफिसात, अशी माझी दिवसातून वीसेक वेळा ये-जा होते. दोन कीबोर्ड मांडून पाहिले. चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही, आणि घाईत नेहमी चुकीच्याच कीबोर्डवर हात पडायचा.

तुम्हीही याच वळणावर असाल तर पर्याय माहीतच असतील: केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर बटण दाबून दोन संगणकांत फिरवणारी डबी), नुसता यूएसबी स्विच (हा फक्त कीबोर्ड-माउस फिरवतो), नेटवर्कवरून कीबोर्ड-माउस वाटून देणारं सॉफ्टवेअर, किंवा तीन उपकरणांशी जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड. मी चारही वापरून पाहिलेत. कुठलाही मोजून-मापून पाहिलेला नाही, तेव्हा पुढचं सगळं एका माणसाच्या एका टेबलावरचं समजा.

सॉफ्टवेअर आधी बाजूला काढतो. सिनर्जी आणि त्याच्या कुटुंबातले बॅरियर, इनपुट लीप, डेस्कफ्लो, किंवा २०२३ पासून मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये आलेलं माउस विदाउट बॉर्डर्स, ही मंडळी कामाची आहेत. माउस एका स्क्रीनच्या कडेवरून थेट दुसऱ्या मशीनवर जातो, आणि पहिल्यांदा ते पाहताना गंमत वाटते. दोन्ही मशीन ॲपलची असतील तर युनिव्हर्सल कंट्रोल आयतंच आहे. पण यात मॉनिटर वाटला जात नाही, प्रत्येक मशीनला आपापली स्क्रीन लागते. शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिन राइट्स (स्वतः प्रोग्रॅम बसवायची परवानगी) नाहीत, आणि ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा व्हीपीएन लावला की लॅपटॉपला घरचं नेटवर्क दिसेनासं होतं. माझ्यापुरता विषय तिथेच संपला. जुन्या लॅपटॉपवर असला एक प्रोग्रॅम महिनाभर चालवला होता; इंग्रजीत ठीक चालला, इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करायला गेलो की जोडाक्षरांचा खेळखंडोबा. तुमची दोन्ही मशीन स्वतःची असतील आणि स्क्रीनही दोन असतील, तर मात्र आधी हेच करून बघा. सिनर्जी सोडलं तर पैसे पडत नाहीत.

ब्लूटूथ कीबोर्डचंही थोडक्यात सांगतो. कीबोर्डवर १-२-३ अशी बटणं असतात, ते छान. पण माउसचं बटण बहुधा त्याच्या पोटाखाली. म्हणजे प्रत्येक फेरीला कीबोर्डवर एक कळ, मग माउस उलटा करून दुसरी, आणि मॉनिटर वेगळाच. त्यात ऑफिसचा लॅपटॉप चालू होतानाच बिटलॉकरचा (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) पिन मागतो, आणि तेव्हा ब्लूटूथ जागं झालेलं नसतं. रोज सकाळी झाकण उघडून लॅपटॉपच्याच कीबोर्डवर पिन टाकायचा.

उरले दोन, आणि खरा सामना त्यांच्यातच आहे.

पहिल्यांदा मी केव्हीएमच घेतला. पुण्यात तपकीर गल्लीत गेलो, दोन पोर्टचा एचडीएमआयवाला मागितला. "फोर के आहे साहेब, सगळे हाच नेतात," दुकानदार म्हणाला. फोर के (३८४० बाय २१६० ठिपक्यांचं चित्र) किती हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, हे डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं: ३०. माझा मॉनिटर फोर के नाही, त्यामुळे बिघडलं नाही. तुमचा असेल तर एवढं वाचून घ्या, कारण ३० हर्ट्झला माउसचा बाण पाण्यातून ओढल्यासारखा चालतो. मी त्याला विचारलं, ईडीआयडी इम्युलेशन आहे का? त्याने डबा उलटसुलट केला आणि म्हणाला, "असेल ना. नवीन माल आहे." नव्हतं.

याच एका गोष्टीने पुढचं सगळं ठरवलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मॉनिटर जोडला की तो संगणकाला आपली ओळख सांगतो: मी अमुक कंपनीचा, माझी रुंदी-उंची ही, मला एवढी रेझोल्यूशन जमतात. हा मजकूर १२८ बाइटच्या ठोकळ्यात बसतो, तोच ईडीआयडी. शिवाय एचडीएमआयच्या १९ व्या पिनवर मॉनिटर 'मी हजर आहे' असं सतत कळवत असतो. स्वस्त केव्हीएमचं बटण दाबलं की ही वायरच तुटते. लॅपटॉपच्या दृष्टीने तुम्ही मॉनिटर उपटून नेलेला असतो. मग तो बिचारा करतो काय? मॉनिटरवर होत्या नव्हत्या तेवढ्या विंडो गोळा करून आपल्या १४ इंची स्क्रीनवर आणून कोंबतो. पाहुणे आले म्हणून घरातली सगळी माणसं आतल्या खोलीत गेलेली असावीत, तशी गर्दी. डेस्कटॉपवरचं पाच मिनिटांचं काम उरकून परत बटण दाबावं, तर दोन-तीन सेकंद काळोख, मग मॉनिटर उजळतो आणि त्यावर नुसता वॉलपेपर. डावीकडे लॉग, उजवीकडे एडिटर, खाली टर्मिनल असं सकाळी लावून ठेवलेलं सगळं लॅपटॉपवर एकावर एक, आणि आकारही आक्रसलेले.

एकदा झालं तर माणूस हसून सोडून देतो. दिवसातून वीस वेळा मी तीन-चार विंडो ओढून परत जागेवर नेत होतो. एकदा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करायच्या वेळी हवी ती एक्सेल शीट सापडेना. बारा जण वाट बघतायत आणि मी एकाखालची एक विंडो उपसतोय. त्या दिवशी केव्हीएमवरून माझं मन उडालं.

विंडोज ११ मध्ये यावर एक उतारा आहे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये, मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवायची खूण करता येते. मी केली. बऱ्याचदा सगळं जागेवर परतायचं, कधी एखादी विंडो मागे राहायची. पण काळोखाचे ते दोन-तीन सेकंद गेलेच नाहीत, आणि 'बऱ्याचदा'वर माझं समाधान होत नाही. माझा एक मित्र मॅकबुक झाकण मिटून वापरतो. त्याच्याकडे असाच केव्हीएम आहे, आणि बटण दाबलं की मॉनिटर गेला असं समजून मॅकबुक झोपीच जातं. चालू कॉल तुटतो.

चांगल्या केव्हीएममध्ये ही अडचण नसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ईडीआयडी इम्युलेशनवाला केव्हीएम मॉनिटरची ओळख स्वतःपाशी लिहून ठेवतो आणि मॉनिटर दुसरीकडे गेला तरी संगणकाला 'आहे, आहे' म्हणत राहतो. पण तसे केव्हीएम महाग, त्यातही डिस्प्लेपोर्टचे (एचडीएमआयसारखीच दुसरी जोडणी) आणखी महाग. मी पाहिले त्यांची किंमत ऐकून घरी विषय काढायची हिंमत झाली नाही.

मग मी उलटा विचार केला. मॉनिटरला दोन एचडीएमआय आहेतच. लॅपटॉप एकात, डेस्कटॉप दुसऱ्यात, थेट. मधे कुणी नाही. वाटायचे राहिले फक्त कीबोर्ड आणि माउस. त्यासाठी साधा यूएसबी स्विच पुरतो: एक छोटी डबी, दोन वायरी मशीनकडे आणि एका लांब वायरीला बटण. केव्हीएमच्या निम्म्या किमतीत आला. बटण टेबलाच्या कडेखाली दुहेरी टेपने चिकटवलंय. हाताच्या सवयीने न बघता दाबलं जातं. वायरीही कमी झाल्या, त्यामुळे केर काढायला येणाऱ्या मावशींची कटकट बंद झाली, हा वरचा फायदा.

माझा मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर गेला तरी पहिल्या वायरीवरची हजेरी सोडत नाही. त्यामुळे लॅपटॉपला काही कळतच नाही. विंडो सकाळी जिथे ठेवल्या तिथेच संध्याकाळी.

यातही खोट आहेच. पहिली म्हणजे आता दोन बटणं झाली: एक स्विचचं, एक मॉनिटरचं. माझ्या मॉनिटरचं बटण मागच्या बाजूला, जॉयस्टिकसारखं. इनपुट बदलायला ते चारदा हलवावं लागतं. पहिला आठवडा मी तेही केलं. मग डीडीसी-सीआय सापडलं. मॉनिटरच्या त्याच वायरीवरून संगणक त्याला हुकूम देऊ शकतो. इनपुट बदलायचा कोड हेक्साडेसिमलमध्ये ६०, आणि बहुतेक मॉनिटरवर त्यासोबत द्यायचा आकडा (हा साध्या दशमानात) डिस्प्लेपोर्टसाठी १५, पहिल्या एचडीएमआयसाठी १७, दुसऱ्यासाठी १८. डेस्कटॉपवर लिनक्स आहे, तिथे असे हुकूम पाठवणारं डीडीसीयुटिल बसवलं आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: कीबोर्ड निघून गेला की मॉनिटरला १७ सांग, कीबोर्ड परत आला की १८. स्वतः लिहायचं नसेल तर डिस्प्ले-स्विच नावाचा फुकट प्रोग्रॅम हेच करतो, तो विंडोज आणि मॅकवरही चालतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच बसवावं लागलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. मात्र यासाठी मॉनिटरने न दिसणाऱ्या इनपुटवरूनही हुकूम ऐकायला हवा. माझा ऐकतो. काही मॉनिटर फक्त चालू इनपुटचंच ऐकतात. तसं असेल तर जाताना आपोआप, येताना हाताने. मॉनिटरचं आपोआप इनपुट शोधणं मात्र आधी बंद करा, नाहीतर तो मधेच स्वतःचं डोकं चालवतो.

दुसरी खोट मजेशीर. लॅपटॉपला मॉनिटर आहे असंच वाटत असल्याने एखादी नवी विंडो तिथे उघडते, आणि तुम्ही तर त्या मॉनिटरवर डेस्कटॉप बघताय. मुख्य स्क्रीन म्हणून लॅपटॉपचीच निवडली की हा त्रास बराच कमी होतो.

आणि हेडसेट चुकूनही त्या स्विचला लावू नका. मी लावला होता. मॅनेजर बोलत असताना सवयीने बटण दाबलं आणि ते वाक्य अर्ध्यावर राहिलं. "ऐकू येतंय का?" हे त्यांनी तीनदा विचारलं, असं नंतर एका सहकाऱ्याने सांगितलं.

केव्हीएम कुणी घ्यावा? दोन-दोन मॉनिटर एकदम फिरवायचे असतील, मॉनिटरला एकच उपयोगी पोर्ट असेल, किंवा टेबलावर चार मशीन असतील, तर माझ्या मते केव्हीएमला तोड नाही. फक्त डब्यावर ईडीआयडी इम्युलेशन स्पष्ट लिहिलेलं असू द्या. एका बटणात सगळं होण्याचं सुखही काही कमी नाही, हे मी मान्य करतो. नवा मॉनिटरच घेणार असाल तर केव्हीएम आत असलेला बघा, हल्ली बरेच येतात.

खिशात हात घालण्याआधी एक करून बघा. दोन्ही मशीन आजच मॉनिटरच्या दोन पोर्टना लावा, लॅपटॉपवर चार विंडो मॉनिटरकडे सरकवा आणि इनपुट बदला. लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत राहा. क्षणभर लुकलुकली आणि चारही विंडो तिच्यावर आल्या, तर तुमचा मॉनिटर हजेरी सोडतो; मग चांगल्या केव्हीएमसाठी पैसे साठवा. काहीच हललं नाही, तर यूएसबी स्विच मागवा आणि सोबत दुहेरी टेपही घ्या.