टोफू एक नंबर, पण काउंटरवरची डबी नको
नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत सोया मिल्क आणि टोफूचं एक छोटं दुकान आहे, नाव टाकत नाही कारण पुढे तक्रारही आहे. सहा महिने झाले, दर शनिवारी जातेय.

टोफू खरंच मस्त. सकाळी लवकर गेलात तर नुकताच फडक्यातून सोडवलेला कोमट ठोकळा मिळतो, वरती फडक्याच्या विणीचे ठसे, बोट लावलं तर थरथरतो पण तुटत नाही. पाकिटातल्यासारखा रबर नाही आणि कच्च्या सोयाबीनचा तो उग्र वासही नाही. घरी आणून पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला. भुर्जी करायची तर आधी दाबून पाणी काढा नाहीतर भुर्जीची आमटी होते, मी केलीय. दूध गाळून उरलेला चोथा ते जवळपास फुकटात देतात, भाजणीत मिसळला की थालीपीठ मऊ होतं. फक्त मिसळीत टोफू टाकू नका, नाशिककर म्हणून सांगते, रस्सापण वाया आणि टोफूपण.

आता तक्रार. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं दोन वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टॅमोक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे. पहिल्यांदा टोफू नेला तर म्हणाल्या, "अगं नको बाई, सोयात बायकांचे हार्मोन असतात म्हणे." मग पुढच्या चेकअपला डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले हार्मोन नाही, आयसोफ्लेव्होन नावाची वनस्पतीतली द्रव्यं असतात, इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी दिसतात पण खूप कमजोर. भीती आली ती उंदरांवरच्या प्रयोगांतून, तिथे शुद्ध जेनिस्टीन (सोयातलं एक आयसोफ्लेव्होन) दिल्यावर गाठी वाढलेल्या, पण उंदराचं शरीर ते वेगळ्या पद्धतीने पचवतं. माणसांचं उलट आहे, शांघायमध्ये ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या ५,०४२ बायकांचा अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं, टॅमोक्सिफेन घेणाऱ्यासुद्धा त्यात होत्या. म्हणजे सोयाने कॅन्सर बरा होतो असं नाही हं, फक्त घाबरू नका एवढंच. टोफू, सोया मिल्क, वड्या जेवणात खुशाल खा म्हणाले, आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या मात्र नकोत, त्यात एकदम किती पोटात जातं त्याला धरबंध नाही.

आणि नेमकी त्याच गोळ्यांची डबी या दुकानात काउंटरवर रचून ठेवलीय! मागच्या महिन्यात मी पैसे देत होते तर गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "ताई ही न्या, कॅन्सरवाल्यांना तर पाहिजेच." मी म्हटलं टॅमोक्सिफेन चालू असताना चालतं का रे? तर म्हणे "नॅचरल आहे हो." अरे धोतरापण नॅचरलच असतो! तेवढ्यात शेजारच्या एका आजींनी डबी उचललीसुद्धा होती, मी सांगितलं आधी डॉक्टरांना विचारा, तर मुलाने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याचं गिऱ्हाईक पळवलं.

टोफूला साडेचार स्टार, डबीला शून्य. मालकांनी वाचलं तर ती डबी काढाच, तुमचा माल तसाही खपतो. जाऊबाई आता माझ्याबरोबरच येतात. आणि हो, सोया मिल्क घेताना बिनसाखरेचं आधीच सांगा, नाहीतर न विचारता बासुंदीसारखं गोड देतात.